निवृत्त ग्रेहाउंडच्या पायाचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा तात्या म्हणजे ग्रेहाउंड, शर्यतीत पळवतात त्या जातीचा कुत्रा. तो आयर्लंडमध्ये जन्मला, इंग्लंडच्या ट्रॅकवर दोन वर्षं पळाला आणि चौथ्या वर्षी शेफील्डच्या आमच्या घरात, सोफ्यावर, निवृत्त झाला. सहाव्या वर्षी त्याच्या मागच्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. एक प्लेट, सात स्क्रू, सहा आठवडे बँडेज. तेव्हापासून ओळखीतल्या कुणा मराठी घरातला ग्रेहाउंड लंगडायला लागला की फोन मला येतो. मेलबर्नहून येतो, एकदा बारामतीहूनही आला. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत. ते तुमच्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, ठरवायचे. पण ऑपरेशन दोन-अडीच तासांत उरकतं आणि पुढचे तीन महिने तुमच्या गळ्यात पडतात. त्या तीन महिन्यांबद्दल मला बरंच सांगता येईल.

शर्यत सोडून दोन वर्षं झाली. मग पायाचं दुखणं आत्ताच कसं निघालं?

ते आत्ता निघालेलं नसतं, आत्ता दिसलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला पहिली ट्रॅकवरची शर्यत झाली. आजही सहा कुत्री, सहा रंगांची जॅकेटं, यंत्रावर पळणारा नकली ससा आणि घड्याळाच्या उलट दिशेने चक्कर, असाच तो प्रकार आहे. म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे. तासाला साठ किलोमीटरच्या वेगात तीस-पस्तीस किलोचं जनावर वळणावर झुकतं, तेव्हा मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातल्या लहान हाडांवर दाब येतो. हा घोटा म्हणजे तो उलटा वळलेला सांधा, इथे त्याला हॉक म्हणतात. सराव आणि शर्यती मिळून हा दाब शेकडो वेळा त्याच हाडांवर येतो. एका दिवशी मधलं हाड चेपतं. म्हणून ग्रेहाउंडमध्ये हे हाड मोडलं की ते बहुतेक उजव्याच पायाचं असतं. पुढच्या पायांत उलट, आतल्या बाजूचा डावा पाय जास्त सोसतो.

तात्याच्या शर्यतीच्या काळातल्या कागदावर एवढंच होतं: ‘मागचा उजवा पाय, दुखापत, विश्रांती.’ हाड तेव्हा वाकडं जुळलं होतं. दोन वर्षं तो मजेत हिंडला, मग एका थंडीत सकाळी उठताना पाय उचलून धरायला लागला. एक्स-रेवर तो सांधा झिजून खडबडीत झालेला दिसला.

मुरगळलं असेल, आठवडाभर वाट बघू का?

दोन-तीन दिवस बघा, त्याहून जास्त नको. पण आधी पंजा उलटा करून गादी नीट पाहा. ग्रेहाउंडना बोटांच्या गाद्यांवर कुरूप होतं, आपल्याला तळपायाला होतं तसंच. गवतावर ठीक चालतो आणि डांबरावर लंगडतो, असं असेल तर कुरूपाचा संशय आधी घ्यावा. अंगठ्याने दाबलं की पाय ओढून घेतो.

कुरूप नसेल तर एक्स-रे. यात मी कुणाचं ऐकत नाही, कारण या जातीत हाडाचा कॅन्सर इतर जातींपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो आणि सुरुवातीला तो नुसत्या लंगडण्यासारखाच असतो. ‘उडी मारताना लागलं असेल’ असं आपणच कारण शोधून देतो आणि घरातले सगळे ते मान्य करतात. खांद्याजवळ, पुढच्या पायाच्या मनगटाच्या थोडं वर किंवा गुडघ्याजवळ टणक सूज असेल तर त्याच आठवड्यात जा. आम्हाला पहिल्या दवाखान्यात एक्स-रे न काढता सात आठवडे गोळ्यांवर ठेवलं होतं. मीही विचारलं नाही, ही माझी चूक.

ग्रेहाउंडची भूल वेगळी असते म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि ते तुम्ही तोंडाने सांगायला हवं. नेहमीच्या व्हेटला माहीत असतं, पण रात्री इमर्जन्सीत गेलात तर समोर कोण असेल सांगता येत नाही.

पूर्वी थायोपेंटोन नावाचं भुलीचं औषध सर्रास वापरत. ग्रेहाउंड त्यातून तासन् तास बाहेर येत नसत. अंगावर चरबी नाही म्हणून, असं तेव्हा सांगायचे. नंतर कळलं की त्यांचं यकृतच काही औषधं सावकाश मोडतं. आता इथे ते औषध जवळजवळ कुणी वापरत नाही. प्रोपोफोल चालतं, फक्त शुद्धीवर यायला इतर कुत्र्यांपेक्षा जरा वेळ लागतो. तेव्हा ‘अजून झोपलाय’ असा फोन आला की घाबरू नका.

दुसरी गोष्ट तापमानाची. टेबलावर पडला की चरबी नसल्यामुळे अंग भराभर गार पडतं, म्हणून गरम हवेची चादर लागते. आणि उलटंही होतं: घाबरलेला ग्रेहाउंड पिंजऱ्यात धापा टाकत इतका तापतो की ते धोक्याचं ठरतं. तात्यासाठी आम्ही त्याची जुनी गोधडी सोबत दिली आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांपासून लांबचा पिंजरा मागून घेतला. दोन्ही गोष्टी फुकट होत्या.

रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात निम्मे आकडे लाल आहेत. ऑपरेशन रद्द होणार का?

बहुधा नाही. छापलेली ‘नॉर्मल’ रेंज सगळ्या कुत्र्यांची सरासरी असते, ग्रेहाउंडची नव्हे. तांबड्या पेशींचं प्रमाण यांच्यात ५० ते ६० टक्क्यांच्या घरात असतं. उलट लॅब्रॅडॉरला शोभेल असा ४० चा आकडा ग्रेहाउंडच्या रिपोर्टवर दिसला तर तिथे थांबून विचार करायला हवा. प्लेटलेट्स कमी, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) थोडं वर, थायरॉइड खाली, हृदय मोठं आणि कधी हलकीशी कुरकुर ऐकू येणारं, हे सगळं त्यांच्यात आढळतं. थायरॉइडच्या त्या आकड्यावरून जन्मभर गोळ्या सुरू झालेले दोन कुत्रे मला माहीत आहेत. तंदुरुस्त असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे तुलना त्याच्याशीच करायची असते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

ताजं मोडलेलं हाड असेल तर तुकडे स्क्रूने आवळतात. आमच्यासारखं जुनं, झिजलेलं दुखणं असेल तर घोट्याचा खालचा भाग कायमचा जोडून टाकतात. कूर्चा खरवडून काढायची, हाडाचा चुरा भरायचा आणि बाजूने प्लेट ठोकायची. वरचा मुख्य सांधा मोकळाच राहतो, म्हणून पाय काठीसारखा ताठ होत नाही.

तो हाडाचा चुरा त्याच्याच अंगातून घेतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आणल्यावर आईने विचारलं, “पाय मागचा ना? मग खांद्याला टाके कशाला घातले?” मलाही उत्तर देता येईना, तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

आमच्या कुत्रीला हाडाचा कॅन्सर निघाला. पायच काढावा लागेल म्हणाले. तीन पायांवर ती कशी जगेल?

या प्रश्नावर फोनवर लोक रडतात, म्हणून सावकाश सांगते.

चालण्याची काळजी असेल तर ती सोडा. तीन पायांचा ग्रेहाउंड चालतो, वळतो, सोफ्यावर चढतो. पुष्कळ जण ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच, आधार दिला की उभे राहतात. दुखरा पाय गेल्यावर काहींचा चेहरा दोन दिवसांत उजळतो. त्या हाडाचं दुखणं किती होतं ते तेव्हा कळतं. पुढचा पाय गेला तर जास्त जड जातं, कारण कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. पण तेही जमतं. आधी उरलेले तिन्ही पाय आणि पाठ तपासून घ्या. जुन्या शर्यतीच्या दुखापती तिथेही असतात.

अवघड भाग आयुष्याचा आहे. हा कॅन्सर सापडतो तोवर बहुतेक वेळा सूक्ष्म रूपात फुप्फुसापर्यंत पोचलेला असतो. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात. केमोथेरपी जोडली तर तोच काळ दहा महिने ते वर्षापर्यंत जातो. म्हणजे पाय काढायचा तो दुखणं थांबवण्यासाठी. आजार बरा करण्यासाठी म्हणून काढलात तर पुढे स्वतःलाच दोष देत बसाल. एका मैत्रिणीने केमो केली, अकरा महिने मिळाले. दुसऱ्या घरी कुत्रा अकरा वर्षांचा, पाठीने थकलेला होता. त्यांनी पाय काढला नाही, चार दिवसांनी त्याला शांतपणे निरोप दिला. दोन्ही घरी मी गेले होते. चुकलं असं मला कुठेच वाटलं नाही.

ऑपरेशन छान झालं, घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी पोटापर्यंत काळंनिळं झालं. हे काय?

ही बाब प्रत्येक ग्रेहाउंडवाल्याला पाठ हवी. यांचं रक्त गोठतं व्यवस्थित, पण गोठलेली गुठळी शरीर फार लवकर विरघळवतं. त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर सगळं कोरडं असतं आणि ३६ ते ४८ तासांनी रक्त झिरपायला लागतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाने ८८ निवृत्त ग्रेहाउंड पाहिले. नसबंदीसारख्या साध्या ऑपरेशननंतरही त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला असा उशिराचा रक्तस्राव झाला.

यावर उपाय आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा त्याच्या जातीचं दुसरं औषध ऑपरेशनच्या सुमारास सुरू करून काही दिवस चालवतात. तारीख ठरवतानाच विचारा: “रक्तस्रावासाठी काय देणार?” शक्य असेल तर ऑपरेशन सोमवार-मंगळवारी घ्या. शुक्रवारी केलं तर तो ४८ तासांचा काळ नेमका रविवारी येतो.

जखमेभोवती थोडं निळं पडणं चालतं. निळेपणा तासातासाला सरकत असेल, बँडेज भिजत असेल, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा तो मलूल असेल तर फोन करत बसू नका, गाडीत घाला. आम्ही निळ्या भागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारायचो, बाजूला वेळ लिहायचो. तात्याच्या मांडीवर दोन दिवस ‘रा. ९.४०’ लिहिलेलं होतं.

पहिल्या रात्री तो सतत कण्हतोय. दुखतंय का?

असू शकतं, पण बऱ्याचदा तो मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा अंमल असतो. डोळे उघडे, समोर बघतोय पण ओळख नाही, एका सुरात कूं कूं. जवळ गेल्यावर किंवा आवाज दिल्यावर थांबला तर बहुधा अंमलच. जखमेच्या जवळपास हात नेल्यावर वाढला, किंवा तो अंग टाकायलाच तयार नसेल, तर दुखतंय. रात्र असली तरी फोन करा.

आणि ग्रेहाउंड नाटकी असतात हेही सांगून टाकते. यांची एक किंकाळी असते, शेजारी पोलीस बोलावतील अशी. तात्याने ती नखाला पाणी लागलं म्हणून मारली आहे. हाच कुत्रा मोडक्या घोट्याने शर्यत पुरी करून आला होता. तेव्हा आवाजावरून दुखणं मोजू नका. खाणं, झोपणं, कानांची ठेवण आणि श्वास, यांवरून मोजा.

घरात काय तयारी करावी?

जमीन. बाकी सगळं नंतर. लॅमिनेटवर किंवा टाइल्सवर एकदा पाय सरकला तर हजारो पौंडांचं काम गेलं. आम्ही स्वस्तातल्या योगा मॅट आणल्या, दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रस्ताच अंथरला. सतरंजी नको, तीच सरकते.

त्याला ठेवायला क्रेट, म्हणजे मोठा पिंजरा, किंवा जाळीचा कोपरा. लोकांना वाईट वाटतं, पण हा कुत्रा केनेलमध्ये वाढलेला आहे. ठरलेल्या जागेत बंद राहणं त्याला परकं नाही. उभं राहून गोल फिरता येईल एवढी जागा हवी. गादी जाड घ्या. कोपरांवर, कंबरेवर मांस नसल्यामुळे कडक जागी फोड येतात. जिना बंद. सोफा बंद. यात घरातला एकही माणूस फितूर होता कामा नये. आमच्याकडे तो माणूस म्हणजे नवरा निघाला. चौथ्या दिवशी मी खाली आले तर दोघं सोफ्यावर, आणि नवरा म्हणतो, “मी उचलून ठेवला, उडी नाही मारली त्याने.” उतरताना काय करणार होतास, विचारलं.

उठताना पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा. पहिल्या आठवड्यात तेवढा आधार पुरतो. थंडी असेल तर अंगात काहीतरी घाला, पाय सगळा भादरलेला असतो.

बँडेजची काळजी कशी घ्यायची?

टाके गेल्यावर लोक निर्धास्त होतात, पण घोटा जोडलेल्या पायाचं खरं राजकारण बँडेजचं असतं. ग्रेहाउंडची कातडी कागदासारखी पातळ, हाडावर मांस नाही. प्लास्टर किंवा आधाराची पट्टी जरा कुठे घासली की चार दिवसांत खड्डा पडतो. तात्याला टाचेवर रुपयाएवढी जखम झाली आणि ती भरायला ऑपरेशनच्या जखमेपेक्षा जास्त दिवस लागले.

रोज सकाळ-संध्याकाळ बँडेजच्या टोकातून दिसणारी मधली दोन नखं पाहा. ती एकमेकांपासून फाकली असतील तर आत सूज आहे. बोटं गार आहेत का बघा. मग नाक लावून वास घ्या, खरंच. गोडसर, कुजका वास आला, बँडेज खाली घसरलं, ओलं झालं, किंवा काल गप्प असलेला कुत्रा आज तिथेच चावायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

बाहेर नेताना सलाईनची रिकामी पिशवी पायात चढवायची, दवाखान्यात मागितली की देतात. घरात आलं की लगेच काढायची, नाहीतर आत घाम धरतो.

चाटू नये म्हणून लॅम्पशेडसारखी कॉलर देतात. यांची मान लांब, तोंड निमुळतं. कॉलर असूनही ते घोट्यापर्यंत पोचतात. मुस्कं जास्त उपयोगी. शर्यतीच्या दिवसांपासून सवय असते, त्यात ते पाणीही पितात. फक्त पुढची जाळी आतून झाकून घ्या, नाहीतर जीभ बाहेर येते.

आई म्हणते जखमेला हळद लावू.

नको. आमची आई तेव्हा वाईहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि हळदीची वाटी घेऊनच उभी होती. जखमेवर काहीही लावायचं नाही. ना हळद, ना तेल, ना डेटॉल.

त्याहून मोठा धोका आपल्या बॅगेतल्या औषधांचा. भारतातून येताना आपण कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, दुखण्याचे मलम आणतोच. त्यांतली आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड खलास करतात. तुमच्या गुडघ्याला लावलेलं मलम त्याने चाटलं तरी धोका आहे. व्हेटने दिलेली दुखण्याची गोळी नेहमी खाण्याबरोबर द्या. उलटी, काळी शी किंवा जेवण सोडलं असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून फोन करा.

खायला काय द्यावं?

त्याचं नेहमीचंच, थोडं कमी. पडून आहे म्हणजे लागतं कमी. ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पाहुणे ‘उपाशी ठेवता का’ म्हणतील, म्हणू द्या. नव्या जोडलेल्या हाडावर दोन किलो जादा चढवण्यात काही अर्थ नाही.

पहिले दोन दिवस तोंड फिरवलं तर मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता. वरणभात देऊ नका. फोडणीतला लसूण आणि कांदा दोन्ही त्यांना विषारी. बेदाणे तर अजिबात नाही. प्रसादाचा शिरा देण्याआधी त्यात काय आहे ते आठवा. तुपाचा गोळा घातल्याने हाड जुळत नाही, स्वादुपिंड मात्र सुजतं.

तीन दिवस शी नाही.

चालेल. आधी उपाशी होता, औषधांनी आतडी सुस्तावली आहेत. पाचव्या दिवशीही नसेल तर विचारा. उकडलेला लाल भोपळा दोन चमचे द्या. शू मात्र दिवसभरात व्हायलाच हवी.

झोपेत हात लावला तर मुलीवर गुरगुरला. कधीच असं करत नाही.

ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात आणि कित्येकांनी आयुष्यात कधी कुणाच्या शेजारी झोप घेतलेली नसते. त्यात दुखणं. त्याला रागावू नका. हात लावण्याआधी नाव घ्यायचं, मान हलली की मग जवळ जायचं. घरात लहान मूल असेल तर तीन महिने क्रेटजवळ त्याला एकटं सोडू नका. आमची मुलगी दारातूनच “तात्या, मी येतेय” असं ओरडून यायची.

फिरायला कधीपासून न्यायचं?

तुमच्या सर्जनचा कागद हाच कायदा. आमचा असा होता: पहिले सहा आठवडे फक्त शी-शूपुरतं, पाच मिनिटं, आखूड पट्ट्यावर. मग एक्स-रे. हाड जुळताना दिसलं, तेव्हा दहा मिनिटं सावकाश, आणि दर आठवड्याला पाच मिनिटांची वाढ. सावकाश म्हणजे इतकं की प्रत्येक पाय जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. भरभर चालवलं की तो दुखरा पाय वर धरून तिघांवर पळून नेतो आणि आपल्याला वाटतं छान चाललाय.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो बरा झाल्यासारखा वागतो. नेमका तेव्हाच घात होतो. हा कुत्रा चार-सहा झेपांत पूर्ण वेगात जातो. अंगणाचं दार उघडं, कुंपणावर खार, संपलं. म्हणून स्वतःच्या कुंपणातल्या अंगणातही पट्टा. पट्टा गळपट्ट्याला नको, हार्नेसला लावा. यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, साध्या गळपट्ट्यातून ते मागच्या मागे निसटतात.

जखम पूर्ण भरल्यावर पाण्यातल्या ट्रेडमिलचा चांगला उपयोग झाला. पाणी गरम हवं. खोल पाण्यात सोडू नका, चरबी नसल्यामुळे हे बुडतात.

खर्च किती?

आमचं बिल तपासण्या, ऑपरेशन आणि बँडेजा धरून साडेचार हजार पौंडांच्या वर गेलं. विम्याने एक पै दिली नाही, कारण दुखापत विमा घेण्याआधीची होती आणि त्या कागदावर लिहिलेली होती. तेव्हा ग्रेहाउंड घरी आला त्याच आठवड्यात विमा उतरवा आणि ‘आधीचे आजार’ हे कलम भिंगातून वाचा. ट्रॅकवर ताजी दुखापत झाली असेल तर ग्रेहाउंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन या शर्यतींवर देखरेख करणाऱ्या संस्थेची डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, हाडाच्या उपचाराला मदत मिळते. पण ती ट्रेनरमार्फत, घरी आणल्यानंतरच्या दुखण्याला नाही. उत्पन्न कमी असेल तर पीडीएसए आणि ब्लू क्रॉस या प्राण्यांसाठीच्या धर्मादाय संस्थांकडे आधी चौकशी करा.

नवा ग्रेहाउंड घेतोय. पायाबद्दल काय विचारू?

दुखापतीची नोंद आणि एक्स-रे मागा. नुसतं ‘निवृत्त’ ऐकून गप्प बसू नका, का निवृत्त ते विचारा. तीन वर्षांच्या आत थांबला असेल तर बहुधा मंद होता किंवा मोडला होता. दोन्ही कानांत गोंदण असेल तर आयर्लंडचा, नोंदी तिकडेही असतात. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये शर्यती बंद करण्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा घर शोधणारे कुत्रे वाढतील. मोडलेला म्हणून नाकारू नका, फक्त पैसे बाजूला ठेवून घ्या.

आमच्याकडे कारवानी, म्हणजे आपल्याकडचा शिकारी कुत्रा, आहे. हे सगळं त्यालाही लागू?

बारामतीचा फोन हाच होता. कारवानी काय, मुधोळ काय, बांधा तोच: लांब पाय, पातळ कातडी, चरबी नाही. त्यामुळे बँडेजची, गादीची, थंडीची आणि निसटण्याची काळजी जशीच्या तशी घ्या. औषधं आणि रक्तस्रावाबद्दलचा अभ्यास मात्र ग्रेहाउंडवर झालेला आहे. तो तसाच चिकटवता येत नाही, पण ‘हा शिकारी बांध्याचा आहे, भूल जपून द्या’ एवढं सांगण्यात नुकसान नाही.

भारतात आणखी एक पाहावं लागतं: गोचिडाचा ताप. त्यात प्लेटलेट्स कोसळतात आणि कुत्रा वरून धडधाकट दिसतो. ऑपरेशनआधी ती तपासणी करून घ्या. गावात हाडाचं काम करणारा डॉक्टर नसेल तर परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठून चौकशी करा. हाडवैद्याकडून कामट्या बांधून आणू नका. आत पाय सडलेला मी फोटोत पाहिला आहे, पुरे.

तो पुन्हा पळेल का?

शर्यत नाही. घरगुती पळणं, हाड नीट जुळलं तर, हो.

तात्याला आम्ही साडेपाच महिन्यांनी सोडलं. तासावर भाड्याने मिळणारं कुंपणाचं शेत होतं, जमीन सपाट, आदल्या रात्री पाऊस झालेला. पट्टा काढला तरी तो जागचा हलेना. आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग कान मागे टाकून सुटला. दीड चक्कर मारली, अर्थातच डावीकडून. मग कुंपणाशी उभा राहून धापा टाकत गाडीकडे बघायला लागला, की चला आता. संध्याकाळी घोट्याला थोडी सूज होती, म्हणून आठवडाभर परत पट्ट्यावर. पुढच्या वेळी आधी दहा मिनिटं चालवून अंग गरम केलं आणि मग सोडलं, तेव्हा सूज आली नाही.